लेख पाठवतोय, शब्द जरा जास्त झालेत

‘लेख पाठवतोय, शब्द जरा जास्त झालेत. बघून घ्या.’ हा निरोप आला की मी आधी चहा सांगतो आणि मग फाइल उघडतो. ‘जरा’चं माप मराठीत ठरलेलं नाही. आमटीत मीठ जरा जास्त झालं तर पाणी वाढवता येतं. पंधराशे शब्दांच्या जागेत चार हजार दोनशे शब्द जरा जास्त झाले तर पान वाढवता येत नाही, कारण शेजारच्या पानावर सराफाची जाहिरात असते आणि दिवाळी अंक त्या सराफाच्या जिवावर निघतो.

का. र. मित्रांनी १९०९ साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत दोन अजीर्णं होतात. फराळावर ओवा आहे. लेखांवरचा ओवा म्हणजे आम्ही, अंकाच्या टेबलाशी बसून दुसऱ्यांचं लेखन कापणारी माणसं. तेव्हा लेख सुचावा कसा, हे मला विचारू नका. सुचायला सगळ्यांनाच सुचतं, आंघोळ करताना तर फारच. सुचलेलं कमी कसं करायचं, एवढंच मी सांगू शकतो.

सुरुवात विषयापासून. ‘कशावर लिहिताय?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘पाऊस.’ पाऊस हा विषय नाही, ऋतू आहे. आठ दिवस झड लागल्यावर दोन खोल्यांत पाच माणसांचे कपडे कसे वाळवायचे, हा विषय आहे. त्यात जीन्सला आधी दोरी मिळणार की चादरीला, पंखा कोणाच्या डोक्यावरचा लावायचा, कुबट वास नेमका शाळेच्या मोज्यांनाच का येतो, असं हाताला लागणारं काहीतरी आहे. कसोटी सोपी आहे. विषय एका वाक्यात सांगा आणि त्या वाक्यात कोणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे. ‘आई’, ‘नाती’, ‘मन’, ‘पाऊस’ ही नुसती नामं झाली. त्यांच्यावर कविता होतात आणि त्या वेगळ्या फाइलीत येतात. ती फाइल मी उघडत नाही.

दुसरं, महिना बघा. लेख लिहिला जातो जुलैत आणि वाचला जातो दिवाळीत. ‘हे लिहीत असताना बाहेर धो धो कोसळतोय’ हे वाक्य वाचकापर्यंत पोचतं तेव्हा त्याच्या मानेवर ऑक्टोबरचा घाम असतो आणि हातात चकली. ‘परवाच’, ‘गेल्या वर्षी’, ‘सध्या गाजत असलेला’ ही मंडळीही तशीच. दिवाळी अंक लायब्ररीत पुढची दिवाळी येईपर्यंत फिरतो, काही घरांत तर माळ्यावर जाऊन वीस वर्षं राहतो. साल आकड्यांत लिहा, म्हणजे माळा साफ करणाऱ्यालाही हिशेब लागेल.

आता पहिला परिच्छेद. तो उडवा.

उरलेला लेख मी वाचलेला नसतानाही हे सांगतो, कारण पहिला परिच्छेद म्हणजे मंगलाष्टकं. लिहिणारा रंगात येऊन म्हणत असतो आणि बाकीचे हातातल्या अक्षता घामेजून जाईपर्यंत उभे असतात. त्याच्या तीन जाती आहेत. सुभाषिती: यात एक संस्कृत श्लोक असतो आणि त्यात हमखास एक विसर्ग चुकलेला असतो. शब्दकोशी: ‘मैत्री या शब्दाचा अर्थ पाहू गेल्यास’ अशी सुरुवात, जणू काही वाचक आजवर मैत्री न कळताच जगला. आणि सर्वांत दणकट जात शतकी: ‘आजच्या एकविसाव्या शतकातल्या धकाधकीच्या जीवनात.’ या वाक्यामागून काहीही येऊ शकतं, मधुमेह, वाचनसंस्कृती किंवा थालीपीठ. पहिल्या परिच्छेदावर हात ठेवून दुसऱ्यापासून वाचा. अर्थ लागला तर पहिला गेला. मग दुसऱ्यावर हात ठेवा. जिथे पहिल्यांदा एखादा माणूस, एखादी वस्तू किंवा एखादा आकडा दिसतो तिथे लेख सुरू होतो. ही जागा बहुधा तिसऱ्या परिच्छेदात सापडते. मंगलाष्टकांची हौस असणाऱ्यांनी ती पाठ करून ठेवावीत, लग्नकार्यात उपयोगी पडतील.

मापाचं थोडं. हाती लिहिलेल्या फुलस्केप पानावर दोनशे ते अडीचशे शब्द मावतात, म्हणजे पंधराशे शब्दांची सहा-सात पानं होतात. मोठ्याने वाचायला बारा-चौदा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात मुद्दे तीन बसतात, चौथा आला की चौघेही अर्धपोटी उठतात. ही अट चुकवायच्या युक्त्या लेखकांकडे असतात, पण त्या उलट्या पडतात. संगणक शब्द मोजतो तो मधली मोकळी जागा बघून. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहायची असतात, म्हणून ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द होतो. ‘घरा समोर च्या’ असं तोडून लिहिणाऱ्याचे तिथेच तीन झाले. अशा लेखकाला शब्दमर्यादा ओलांडल्याचं कळवलं की तो म्हणतो, ‘अहो, लिहिलंय तर थोडंच!’ आणि त्याचं खरंही असतं.

वाक्याची लांबी हे मराठीचं खास दुखणं आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘आजोळच्या वाड्यातल्या माजघरात झोपाळ्यावर बसून आजीने केळीच्या पानावर वाढलेले, वर तुपाची धार सोडलेले, वाफाळते उकडीचे मोदक मी’ इथपर्यंत वाचक सगळं सामान डोक्यावर घेऊन उभा असतो. मोदक खाल्ले, चोरले, सांडले की नाकारले, हे शेवटच्या शब्दापर्यंत त्याला कळत नाही. लेख मोठ्याने वाचा. जिथे श्वास संपतो तिथे पूर्णविराम द्या. एका वाक्यात दोन ‘ज्या’ आणि एक ‘जेणेकरून’ आला तर वाक्य सरळ फोडा, ते दुरुस्त होत नसतं.

कापायला कुठून घ्यावं? जोड्यांपासून. ‘रम्य आणि मनोहर’, ‘सुखदुःखाच्या ऊनसावल्या’, ‘आचार-विचार-उच्चार’. जोडीतला एक ठेवा, कोणता ते चिठ्ठी टाकून ठरवलं तरी चालेल. मग ‘खरं तर’, ‘एक प्रकारे’, ‘म्हणजे कसं की’. आणि हल्लीचा लाडका ‘कुठेतरी’. ‘मला कुठेतरी वाटतं’, ‘हे कुठेतरी थांबलं पाहिजे’. कुठे ते सांगता येत असेल तर सांगा, नसेल तर काढा. एकाच गोष्टीचे दोन दाखले असतील तर दुसरा काढा, कारण पहिला आठवला तेव्हा तुम्ही ताजे होता.

यासाठी लेख मुरायला हवा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग निथळून, कुटून, गुळात मळून पीठ काही दिवस झाकून ठेवतात. लेखाला निदान आठवडा द्या. अनारशाचा आणखी एक गुण लेखात आहे. गूळ जास्त पडला की अनारसा तुपात ‘हसतो’, म्हणजे पसरून विरून जातो. विनोदी लेखात उद्गारचिन्हं जास्त पडली की हेच होतं. लेख हसतो, वाचक हसत नाही. एका पानावर एक पुरे. तीन-तीन एका ओळीत लावणाऱ्यांना माझी विनंती आहे की ती पुढच्या वर्षासाठी शिल्लक टाकावीत.

शुद्धलेखनाबद्दल दोन शब्द, कारण जास्त बोललो तर माझीच चूक सापडेल. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. अठरा नियम म्हणजे गीतेच्या अध्यायांइतके, आणि पाळणारेही साधारण तितकेच. दीप संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून दीर्घ, दिवा मराठीत मुरला म्हणून ह्रस्व, त्यामुळे ‘दीपावली’ आणि ‘दिवाळी’ एकाच पानावर सुखाने नांदतात. ‘महत्त्व’मध्ये दोन त, कारण महत् अधिक त्व. ‘नेतृत्व’मध्ये एकच, कारण नेतृ अधिक त्व. ‘व्यक्तिमत्त्व’ लिहिताना पुष्कळांचा एक त हरवतो आणि तो ‘नेतृत्त्वा’त सापडतो. ‘तज्ज्ञ’ आणि ‘उज्ज्वल’ यांचाही एकेक ज शोधून ठेवा. ‘आशीर्वाद’ची रफार ‘वा’वर असते, ती ‘शि’वर नेऊन ठेवली की आशीर्वाद देणाऱ्याचा हात डोक्याऐवजी कानावर पडल्यासारखा वाटतो. आणि ‘केले’ लिहा किंवा ‘केलं’ लिहा, दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच. अर्धा लेख धोतरात, अर्धा बर्मुड्यात, असं नको.

एवढं सोसून लेख पाठवायची वेळ येते आणि खरी परीक्षा माझी सुरू होते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल माझ्याकडे इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि कंस यांच्या ढिगाऱ्यासारखी उघडते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांत, आणली तरी ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र वाऱ्यावरच जातो. पीडीएफमधून मजकूर उचलला की ह्रस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे उडी मारते. फोनवर टाइप करणारे ‘कॉफी’ लिहिताना काना आणि चंद्र वेगवेगळे देतात. डोळ्याला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की अर्ध्या कॉफ्या सापडत नाहीत. म्हणून फाइल युनिकोडमध्ये द्या, आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे कुठे काय मोडलं ते ताडून बघता येतं. विरामचिन्हाच्या आधी जागा सोडू नका, नाहीतर पूर्णविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन एकटाच बसतो. छायाचित्र चार इंच रुंद छापायचं तर ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबाने १२०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं तर तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर आजोबा आहेत की नारळाचं झाड, असा प्रश्न पडतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. ऑगस्टमध्ये माझ्या संगणकात ‘दिवाळी लेख’ नावाच्या इतक्या फायली असतात की संगणक स्वतःच त्यांना कंसात नंबर देतो, तिकीट खिडकीवर देतात तसे.

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायला दिलेलं पान, आलं की फार बारीक वाचू नका, फार मोठं वाचा. चूक राहते ती शीर्षकात आणि लेखकाच्या नावात, कारण मोठी अक्षरं कोणी वाचतच नाही. मजकूर शेवटच्या परिच्छेदापासून उलटा वाचत या, म्हणजे स्वतःच्या शैलीत वाहून जाणार नाही. शब्द बदलायचाच असेल तर तेवढ्याच लांबीचा शोधा. एक ओळ वाढली की खालची ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते, आणि पुढच्या पानावर कोण बसलंय ते वर सांगितलंच आहे.

सप्टेंबरात सराफ पाव पानाचं अर्धं पान करतो. तेव्हा तुमचा आणखी एक परिच्छेद जातो. कोणता, ते मी सांगत नाही आणि लेखक विचारत नाही. अंक हाती पडल्यावर तो स्वतःचा लेख दोनदा वाचतो, फोन करून ‘छान छापलाय’ म्हणतो, आणि मूळ फाइल उघडेपर्यंत त्याला काय गेलं ते सापडत नाही. सापडलं की मात्र तो परिच्छेद जपून वेगळा ठेवतो. पुढच्या जुलैत नवा लेख येतो, ‘शब्द जरा जास्त झालेत’. मी चहा सांगतो, फाइल उघडतो. पहिला परिच्छेद ओळखीचा निघतो.