डेपो उठला, विहीर तशीच राहिली

गेल्या आठवड्यात आत्याकडे जाऊन आलो. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला एका नगरपरिषदेचा जुना कचरा डेपो होता. तेथे कचरा टाकणे थांबून बरीच वर्षे झाली आणि आता तर ‘बायोमायनिंग पूर्ण’ असा फलकही लागला आहे. कचऱ्याचे टेकाड खरोखरच गेले आहे. उरली आहे ती सपाट, काळपट जमीन. तिच्यात काचेचे तुकडे, चपलांचे तळवे आणि गुटख्याच्या पुड्यांचे चंदेरी कपटे अजून दिसतात. आत्याने विहिरीत पोहरा सोडला आणि वर काढून माझ्यापुढे धरला. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि त्यावर तेलकट तवंग होता. “गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत रे,” एवढेच ती म्हणाली. ओसरीवर टँकरच्या पाण्याने भरलेली निळी पिंपे ओळीने उभी होती.

माझे म्हणणे असे आहे की, भोवतालच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी तपासून ते वापरण्याजोगे झाल्याचे दिसत नाही, तोवर कोणतीही जागा साफ झाली असे जाहीर करू नये आणि त्या कामाचे शेवटचे बिलही काढू नये.

बायोमायनिंगमध्ये जुना कचरा उकरून त्याच्या रांगा घालतात, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारतात, तो वरचेवर उलथतात आणि मग मोठ्या फिरत्या चाळणीतून काढून माती, दगड-विटा आणि प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या करतात. जळण्याजोगा भाग सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो. हे काम उपयोगाचे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याचा हिशेब टनांत होतो आणि टन मोजले जातात ते जमिनीच्या वरचे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या डेपोंखाली अस्तर कधी घातलेच नव्हते, त्यामुळे दर पावसाळ्यात कचऱ्यातून निथळणारे काळे पाणी मुरमात आणि त्याखालच्या काळ्या कातळाच्या भेगांत उतरत राहिले. वरचा ढीग उचलल्याने ते पाणी आपोआप परत येत नाही.

कायदा नाही असे मुळीच नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या डेपोंच्या निर्मूलनासाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ती 2021 मध्ये संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कचरा आणि सांडपाण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्राला 12,000 कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. रक्कम प्रचंड आहे, पण असा बोजा शेवटी सरकारी तिजोरीवर, म्हणजे विहीर गमावलेल्या माझ्या आत्यावरही पडतो. ज्याने प्रत्यक्ष कचरा टाकला, किंवा ज्याने तो टाकू दिला, त्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूदही 2023 च्या जनविश्वास कायद्याने काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांच्या दंडावर आणली. कैद गेली याचे मला फारसे दुःख नाही. दंड तरी वसूल व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

पुण्याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला, आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो उभा आहे, आणि शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वाट्याला आला. तेथे 163 एकरांवर कचरा साचला, विहिरी नासल्या आणि गावे टँकरवर आली. एप्रिल 2017 मध्ये डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपला कचरा कोठे जातो हे कळले.

एक डेपो बंद झाला की चोरून कचरा टाकण्याच्या दहा जागा तयार होतात, हेही मी याच फेरीत पाहिले. आत्याच्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर, ओढ्याच्या पुलाशी, एक ताजा ढीग होता. त्यात द्रोण-पत्रावळी होत्या, थर्माकोलची सजावट होती, कुजलेले झेंडू होते आणि वधूवरांची नावे व लग्नाची तारीख छापलेल्या अहेराच्या कागदी पिशव्या होत्या. पंचनाम्यात अशा वेळी ‘अज्ञात व्यक्तीने’ असे लिहिले जाते. त्या पिशवीवरून मंगल कार्यालय शोधायला आणि कार्यालयाकडून ट्रॅक्टरवाल्याचे नाव मिळवायला एक दुपार पुरेल. बांधकामाचा राडारोडा रात्री नदीपात्रात ओतणाऱ्या डंपरचेही तेच आहे. त्याच्या फेरीचे पैसे कोणीतरी मोजलेले असतात, आणि नोटीस चालकाबरोबर त्या मालकालाही गेली पाहिजे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आत्या ठराव मांडणार आहे. डेपोच्या उताराकडील सर्व विहिरींच्या पाण्याचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर, किमान पाच वर्षे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासावेत, अहवाल पंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत आणि तोवर टँकरचा खर्च डेपोच्या मालकाने सोसावा, अशा तीन मागण्या त्यात आहेत. मसुदा मी लिहून दिला आहे. आपल्या गावाजवळ असा बंद पडलेला डेपो असेल आणि हा मसुदा हवा असेल, तर मला निरोप पाठवा.