आलोच पाच मिनिटांत

पन्नाशी ओलांडलेला माणूस सिनेमा कसा आहे हे नंतर विचारतो, आधी विचारतो किती वेळाचा आहे. २०१४ सालचा ‘इंटरस्टेलर’ पुन्हा मोठ्या पडद्यावर लागलाय, असं भाच्याने सांगितलं तेव्हा मीही तेच विचारलं.

“१६९ मिनिटं,” तो म्हणाला. “आणि मामा, मध्ये उठायचं नाही. एक मिनिट जरी चुकलं तरी पुढचं काही कळणार नाही.”

(एकही मिनिट न चुकवता सिनेमा पाहिलेल्यांनाही पुढचं काही कळत नाही, हे त्याने तेव्हा लपवून ठेवलं होतं.)

मी मनातल्या मनात हिशेब केला. माझी टाकी साधारण ९० मिनिटांची आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं नाही, पण बसच्या प्रवासांनी आणि साहेबांच्या मीटिंगांनी तो आकडा पक्का केलेला आहे. तरी गेलो. बायकोही आली. तिला अंतराळाची आवड नाही, पण बापलेकीची गोष्ट आहे म्हटल्यावर तिने दोन रुमाल घेतले.

भाच्याने तिकिटं काढली होती पुढून तिसऱ्या रांगेची. का, तर भव्यता जवळून अनुभवायची. इतक्या जवळून पडदा दिसत नाही, पडद्याचे भाग दिसतात. डाव्या कोपऱ्यात यान बघावं तर उजव्या कोपऱ्यात कोणीतरी महत्त्वाचं बोलून गेलेलं असे. सुरुवातीचा बराच वेळ तर नुसती धूळ आणि मका. हा मका खरा होता म्हणे. चित्रीकरणासाठी ५०० एकरांत मुद्दाम पेरला होता. अंतराळाच्या सिनेमासाठी आधी शेती करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटला, पण मी तारे बघायला आलो होतो आणि दिसत होती कणसं.

अखेर यान उडालं. शनीजवळ अंतराळालाच पडलेल्या एका भोकातून पलीकडे गेलं आणि मी मान दुखायची विसरलो. मग ते एका ग्रहावर उतरले.

ग्रहावर काय असावं? पाणी. नुसतं पाणी. गुडघाभर, थेट क्षितिजापर्यंत. त्यातून माणसं छपाक छपाक चालतायत आणि पार्श्वसंगीतात टिक, टिक, टिक, एखाद्याने नळ नीट बंद न केल्यासारखं. सिनेमा सुरू होऊन ७० मिनिटंच झाली होती, म्हणजे हिशेबाने मला अजून अवकाश होता. पण लांब दिसणारे डोंगर हे डोंगर नसून लाट आहे हे नायकाच्या लक्षात आलं, आणि त्याच क्षणी मलाही स्वतःबद्दल तसंच काहीसं उमगलं.

“आलोच पाच मिनिटांत,” मी म्हणालो. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं यान सोडून निघालेल्या गद्दाराकडे बघावं.

स्वच्छतागृहात माझ्याआधी पाचजण उभे होते. अशा जागी कोणी कोणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी शेजारचा गृहस्थ भिंतीकडे बघतच म्हणाला, “लाट?” मी म्हटलं, “लाट.” पलीकडच्या दोघांनी माना हलवल्या. सगळे त्याच ग्रहावरून पळालेले.

परत आलो तर काळोख. रांगा मोजत, कोणाच्या तरी गुळगुळीत डोक्याचा आधार घेत, खुर्चीत बसलो. पडद्यावर नायक ढसाढसा रडत होता. मी शेजारी वाकून कुजबुजलो, “काय झालं गं?”

“सासरे गेले हो,” भरल्या गळ्याने उत्तर आलं. “पोरं एवढाली मोठी झाली.” आवाज पुरुषाचा होता. मी पाचव्या रांगेत बसलो होतो. त्या भल्या गृहस्थांनी माझा हात घट्ट धरला होता, त्यामुळे पुढचा थोडा वेळ मला तिथेच रडावं लागलं.

आपल्या जागी पोचल्यावर भाचा म्हणाला, “२३ वर्षं उलटली, मामा.”

“पाच मिनिटांत?”

“शूऽऽ,” बायको म्हणाली. दुसरा रुमाल निघाला होता.

पुढे मात्र त्या सिनेमाने मला जिंकलं. ते कृष्णविवर! मध्ये मिट्ट काळोख आणि भोवती प्रकाशाची कडी. आडवी तर आहेच, शिवाय वरून आणि खालूनही. विवराच्या ओढीने प्रकाशच वाकतो, त्यामुळे मागची बाजूही पुढून दिसते. न्हावी मागे आरसा धरून आपलं टक्कल आपल्याला दाखवतो, तसं. फरक इतकाच, की हे बघून माणूस खचत नाही. किप थॉर्न या शास्त्रज्ञाने दिलेली समीकरणं संगणकात घालून ते चित्र काढलंय. थॉर्नना २०१७ मध्ये गुरुत्वलहरींसाठी नोबेलही मिळालं. खऱ्या कृष्णविवराचं छायाचित्र जगाने पाहिलं २०१९ मध्ये, म्हणजे सिनेमानंतर पाच वर्षांनी. मी तोंड उघडं टाकून बघत होतो, ते मानेच्या कोनामुळे असावं असं बायकोचं मत आहे.

शेवटी नायक त्या विवरात पडतो आणि निघतो कुठे, तर स्वतःच्याच लेकीच्या पुस्तकांच्या कपाटामागे. मला काहीही कळलं नाही. बायकोला कळलं. “बघा,” ती म्हणाली, “म्हणून सांगते, कपाटामागचं झाडत जा.”

बाहेर पडल्यावर भाच्याचा तास सुरू झाला. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ हळू चालतो. म्हणून त्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. तिथल्या एका सेकंदाला इथे १७ तास. थॉर्न आधी म्हणाले होते की हे अशक्य आहे, पण दिग्दर्शक नोलन हटून बसला. मग थॉर्ननी गणित करून पाहिलं, तर कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल तर जमतंय! आणि हे काही नुसतं सिनेमातलं नाही. आपल्याला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळंही जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. ती दुरुस्ती केली नाही तर फोन आपल्याला भलतीकडेच नेईल.

“समज, मामा, तू गेलास ती जागा म्हणजे तो ग्रह,” तो म्हणाला. “तुझी तिथली पाच मिनिटं म्हणजे बाहेर ७ महिने.”

“पाच कसली?” बायको म्हणाली. “चांगली पंधरा मिनिटं गायब होते.”

“मग पावणेदोन वर्षं,” भाच्याने हिशेब केला. “म्हणजे मामा होता तेवढाच राहिला, आणि मामी, तू इथे बसल्या बसल्या त्याच्यापेक्षा पावणेदोन वर्षांनी जास्त म्हातारी झालीस.”

बायको चालता चालता थांबली. सापेक्षतावाद तिच्यापर्यंत पहिल्यांदाच नीट पोचला होता.

“उद्याची तिकिटं काढ,” ती भाच्याला म्हणाली. “आणि पाणी आलं की मी उठणार. हे बसतील.”