‘मराठवाड्याच्या उन्हात इलेक्ट्रिक मोटारसायकल टिकत नाही’: फिरत्या संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

उन्हाळा लागला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: ‘इलेक्ट्रिक मोटारसायकल पुण्या-मुंबईसाठी ठीक आहे. आपल्या ४४ डिग्रीत बॅटरी पेट घेते. कंपनी १५० किलोमीटर सांगते, निम्मं मिळत नाही. घाटात डबलसीट चढत नाही. पावसात शॉक लागतो. लाईटच नसते, चार्ज कुठं करणार? तीन वर्षांत बॅटरी जाते आणि ती गाडीच्या किमतीला पडते. रस्त्यात बंद पडली तर एकही मिस्त्री हात लावत नाही.’

यातली काही वाक्यं साफ चूक आहेत, काही अर्धी खरी आहेत आणि एक बऱ्याच अंशी बरोबर आहे. सगळी एकाच दमात सांगितल्यामुळे नुकसान दोन्हीकडून होतं. ज्याला ही गाडी फायद्याची ठरली असती तो शोरूमची पायरी चढत नाही, आणि जो हौसेनं घेतो त्याला खरी अडचण कुठली याचा पत्ता नसतो. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

पहिलं उन्हाचं. बॅटरी पेटणं आणि बॅटरी लवकर म्हातारी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिथियम सेलच्या आतले थर बिघडायला सुरुवात होते ती साधारण ८० ते १२० डिग्रीच्या पुढे, आणि आवरता न येणारी आग त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला. परभणीच्या मे महिन्यातलं ४४ डिग्रीचं ऊन एकट्यानं ते करू शकत नाही. आग लागते ती सेलमधल्या उत्पादनदोषामुळे, पॅकमध्ये (म्हणजे सेल एकत्र जोडलेल्या बॅटरीच्या पेटीत) शिरलेल्या पाण्यामुळे, आपटून दबलेल्या सेलमुळे, भलत्या चार्जरमुळे किंवा बाहेर उघडून जोडलेल्या पॅकमुळे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकात दुरुस्ती होऊन ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. एक सेल पेटला तर आग शेजारच्या सेलमध्ये कशी पसरते याची चाचणी, पॅकमध्ये जास्तीचे तापमान-सेन्सर, पाण्यात बुडवून परीक्षा, या गोष्टी तेव्हापासून सक्तीच्या झाल्या. जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती या तारखांच्या आधीची की नंतरची, हे आधी पाहा.

उन्हानं म्हातारपण मात्र नक्की लवकर येतं. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे १०० टक्के भरलेली बॅटरी आणि तापलेला पत्रा. सेल साधारण ४५ डिग्रीच्या वर असेल तर बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं सर्किट, चार्जिंग मंद करतं किंवा थांबवतं. दुपारी तीनला बाजारातून येऊन लगेच प्लग लावला आणि चार्जिंग सुरू झालं नाही, की ‘उन्हात बॅटरी गेली’ अशी बोंब उठते. ती गेलेली नसते, तापलेली असते. तासभर सावलीत ठेवा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करा, रोजची गरज भागत असेल तर ८०-९० टक्क्यांवर थांबा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल असतील तर पंधरवड्यातून एकदा १०० पर्यंत न्या, नाहीतर मीटरवरचा टक्क्यांचा आकडा खोटा पडायला लागतो. पत्र्याच्या शेडपेक्षा लिंबाखाली उभी केलेली गाडी परवडते.

‘निम्मं मिळत नाही’ हे वाक्य अर्धं खरं आहे आणि त्यामागचं कारण कोणी सांगत नाही. कंपनी सांगते तो आकडा बहुधा आयडीसी नावाच्या चाचणीचा असतो. त्या चाचणीचा सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्या आसपास. बायपासवर कोणी त्या वेगानं जात नाही. हवेला कापायला लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून सगळा खेळ वेगाचा आहे. ३.२ युनिटची बॅटरी धरा (अनेक कम्युटर गाड्यांची साधारण एवढीच असते), त्यातले २.९ युनिट वापरण्याजोगे (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास), आणि गाडीवर एक माणूस. सपाट रस्त्यावर ताशी ४५ नं किलोमीटरला २८-२९ वॉट-तास लागतात, म्हणजे १०० किलोमीटर. ६० नं ४१ वॉट-तास, म्हणजे ७०. ८० नं ६५ वॉट-तास, म्हणजे जेमतेम ४५ किलोमीटर. गाडी तीच, बॅटरी तीच.

आता यात आपल्याकडचं वारं घाला. मे-जूनमध्ये वारं पश्चिमेकडून येतं. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला यायचं तर अंतर साठेक किलोमीटर, तोंड पश्चिमेला आणि रस्ता हलका चढता. ताशी १५ चं वारं समोरून असेल तर ६० च्या वेगाला ७५ चा वारा अंगावर येतो, खर्च ५८ वॉट-तासांवर जातो आणि ५० किलोमीटरला बॅटरी संपते, म्हणजे गाव दिसायच्या आधी. तेच ४५ नं आलात तर साधारण ७० किलोमीटर जाता येतं आणि घरी पोचताना दहाएक उरतात. जाताना मात्र तेच वारं पाठीशी असतं. म्हणून एकाच रस्त्यावर एकाच गाडीबद्दल एकजण ‘भारी आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘फसवलं’ म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात. घेण्याआधी आपला रोजचा जाऊन-येऊन प्रवास मोजा, त्याला दीडनं गुणा, आणि तेवढं अंतर ६० च्या वेगानं निघतंय का ते विचारा. टायरमधली हवा चार-पाच पीएसआयनं कमी असली तरी काही किलोमीटर जातात, तेव्हा आठवड्याला हवा तपासणं हा इथं पैशाचा विषय आहे.

घाटाचं वाक्य हिशेबात टिकत नाही. १२० किलोची गाडी आणि १३० किलोची दोन माणसं, एकूण २५० किलो. ३०० मीटर उंची चढायला मोटरमधली गळती धरून पाव युनिट लागतं, म्हणजे ३.२ युनिटच्या बॅटरीतले आठ टक्के. कन्नडचा औट्रम घाट असो की बीडकडचा मांजरसुंबा, बॅटरी रिकामी व्हायचं कारण नाही. अडचण येते ती मोटर तापण्याची. सहा टक्के चढावर ताशी ४० नं जायला अडीच किलोवॉटच्या आसपास सतत ताकद लागते. चाकातच मोटर असलेल्या गाडीला कमी फेऱ्यांत जास्त करंट ओढावा लागतो, ती लवकर तापते आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट देणारं सर्किट, ताकद कमी करतो. मोटर मधे आणि पट्टा किंवा साखळी मागे, अशा गाडीला गिअर रेशोची मदत असते, ती घाटात उजवी. डबलसीट घाटाचा रस्ता रोजचा असेल तर मोटरचा ‘पीक’ आकडा सोडा, सतत देता येणारी ताकद विचारा. आणखी एक: घाटमाथ्यावर १०० टक्के चार्ज करून लगेच उतरू नका. उतारावर मोटर उलट वीज तयार करून गाडी आवरते, त्याला रिजन म्हणतात; भरलेल्या बॅटरीत ही वीज जायला जागा नसते, त्यामुळे रिजन काम करत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसात शॉक लागण्याचं घाबरणं पूर्ण चुकीचं. बहुतेक गाड्यांचा पॅक ४८ ते ७२ व्होल्टचा आणि फ्रेमपासून अलग ठेवलेला. आयपी६७ म्हणजे नवा पॅक एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाऊ नये. तो शिक्का वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनसाठी नाही. कनेक्टरवर जवळून फवारा मारला की रबरी सील सरकतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पिनांवर हिरवा गंज दिसतो. खरा शॉक लागू शकतो तो घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाचा. त्याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं.

तिथून लाईटचा मुद्दा. आपल्याकडे लाईट जाते, व्होल्टेज पडतं, पावसाळ्याच्या तोंडाला डीपी जळाली की दोन-चार दिवस अंधार, हे सगळं खरं. पण ३.२ युनिटची बॅटरी भरायला भिंतीतून ३.६ युनिट लागतात, आणि साडेचार-पाच तासांच्या चार्जरचा करंट जेमतेम चार अँपिअर. शेगडीपेक्षा कमी. हे पाच तास सलगही लागत नाहीत. रात्री दोनदा लाईट गेली तरी चार्जर आपोआप पुन्हा सुरू होतो. गावठाण फीडर वेगळा झालेला असेल तर काम भागतं. शेतातल्या वस्तीवर फक्त कृषिपंपाचा फीडर आणि आठ तासांची पाळी असेल तर मात्र भागत नाही. पंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणं नियमात बसत नाही, शिवाय मोटरी सुरू-बंद होताना उसळणारं व्होल्टेज चार्जर खातं. आकडा टाकून तर नकोच. अशा वस्तीवरच्या माणसानं बॅटरी काढून गावात नेता येईल अशीच गाडी पाहावी, आणि तिचं वजन आधी स्वतः उचलून पाहावं.

घरी काय हवं? १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, मीटरपासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जास्त करंट ओढला की पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी, करंटची गळती झाली की लाईट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड नको. चार अँपिअर कमी वाटतात, पण पाच तास सतत वाहिले की ढिली पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. पहिल्या महिन्यात चार्जिंगच्या दुसऱ्या तासाला प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको. अर्थिंगचं आपल्या जमिनीत विशेष आहे. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, खाली मुरूम नाहीतर खडक, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता. वायरमनकडून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. फेज-न्यूट्रलपेक्षा ते बरंच कमी भरलं, तर गाडी घेण्याआधी अर्थिंग करा.

बॅटरी गाडीच्या किमतीएवढी? ३ ते ४ युनिटचा पॅक बदलायला साधारण ५५ ते ९० हजार लागतात. गाडीच्या निम्म्याच्या आसपास, आणि हा बोजाच आहे. तीन वर्षांत जाते हे मात्र नीट वापरलेल्या बॅटरीला लागू नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचे सेल हजारेक पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांवर येतात, एलएफपी त्याहून बरेच टिकतात. एका चार्जला ७० किलोमीटर धरले तर ७० हजार किलोमीटर झाले. वॉरंटीत किती वर्षं यापेक्षा ‘क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल’ ते वाक्य शोधा. ते नसेल तर ती वॉरंटी फक्त बंद पडलेल्या पॅकची.

पैशाचा हिशेबही सरळ मांडू. १०५ रुपयांचं पेट्रोल आणि ६० चं ॲव्हरेज म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये. विजेचे ५०-५५ पैसे, तेही १०१ ते ३०० युनिटच्या महागड्या टप्प्यात बिल गेलं असं धरून. आधी १०० च्या आत असणारं घर गाडीमुळे त्या टप्प्यात जातं, हे विक्रेता सांगत नाही. बचत सव्वा रुपया. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे किमतीतला फरक वाढला. तो ५० हजार आणि वर्षाचे ३०० दिवस फिरणं धरलं तर रोज ५० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे पावणेतीन वर्षांत सुटतात, ३० वाल्याचे साडेचार वर्षांत. रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्याने पैशासाठी ही गाडी घेऊ नये.

राहिला मिस्त्री. इथं संदेश बऱ्याच अंशी बरोबर आहे. टायर, ब्रेक, कोनसेट, बेअरिंग, फोर्कचं ऑइल सील हे फाट्यावरचा कोणताही मिस्त्री करतो. कंट्रोलर, बीएमएस आणि चार्जर यांना कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावाला. पार्ट आला नाही तर गाडी आठवडे उभी राहते. तुमच्यापासून ४०-५० किलोमीटरच्या आत सेंटर नसेल तर थांबणं शहाणपणाचं.

पण ‘बंद पडली’ म्हणून टेम्पोत घातलेल्या गाड्यांतल्या काही जागेवरच सुरू होण्याजोग्या असतात. डिस्प्ले चालू आणि मोटर गप्प असेल तर आधी साइड स्टँड पाहा. काळ्या मातीचा चिखल त्याच्या सेन्सरवर वाळून बसला की गाडीला स्टँड लावलेलाच वाटतो. ओल्या फडक्यानं पुसा. मग दोन्ही ब्रेक लीव्हर बाहेर ओढून मागचा लाल दिवा विझतो का ते बघा. ब्रेकचा स्विच अडकला असेल तर कंट्रोलर मोटरला करंट देतच नाही. डिस्प्लेच काळा असेल तर सीटखालचा एमसीबी पडलाय का ते पाहा, मग १२ व्होल्टचा फ्यूज. पंक्चरला ट्यूबलेस टायर असेल तर चाक न खोलता प्लग मारून घ्या. चाकात मोटर असेल आणि खोलावंच लागलं, तर पंक्चरवाल्याला आधी वायरचा कनेक्टर सोडवायला लावा, वॉशरांचा क्रम मोबाइलवर टिपून घ्या आणि नट पूर्ण कसल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. ॲक्सल ढिला राहिला की पहिल्याच जोरात तो फिरतो आणि मोटरची केबल पिळून तुटते.