ऊसतोडीच्या करारात मुलांचा रकाना नाही

आमचे शेत कृष्णाकाठी आहे आणि गेली तीस वर्षे आमचा ऊस बीडकडच्या टोळ्या तोडतात. दिवाळी झाली की शाळेमागच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. उन्हाळा लागला की त्या मोडतात आणि टोळी आपल्या मुलखाला परतते. मधल्या पाच-सहा महिन्यांत त्या कोप्यांमधल्या लहान मुलांचा आमच्या गावाशी काहीच संबंध येत नाही, ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर असूनही माझ्या लक्षात यायला फार वर्षे लागली, याची मला खंत आहे.

गेल्या पौषात एका पहाटे फडावर गेलो होतो. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगाच्या आडोशाला साडीची झोळी बांधलेली होती, तिच्यात वर्षभराचे मूल तापाने फणफणले होते आणि नऊ-दहा वर्षांची त्याची बहीण एका हाताने झोळी हलवत दुसऱ्या हाताने वाढ्यांच्या पेंढ्या रचत होती. आई वीस-पंचवीस पावलांवर ऊस तोडत होती. "ताई, लेकराला दवाखान्यात न्या, मी गाडी देतो," असे मी म्हटले, तर हातातला कोयता न थांबवता ती म्हणाली, "मालक, आत्ता गेले तर खाडा पडतोय. सांजच्याला गाडी भरली की बघू." थोरलीच्या शाळेचे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "गावाकडं कुणापाशी ठेवू? सासू होती, ती गेली आवंदा."

हा खाडा काय असतो, ते आमच्या ऊसवाल्या घरांतही पुष्कळांना ठाऊक नसते. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर असते. जोडी म्हणजे एक कोयता. दोघांपैकी एकाने दिवसभर काम सोडले तरी दंड लागतो आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. म्हणजे मुलाला डॉक्टरकडे नेले की त्या घराचे कर्ज वाढते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तिचे मी मनापासून स्वागत केले होते, पण खाड्याची रीत तिथल्या तिथेच राहिली.

त्या दिवशी मी गावच्या अंगणवाडीत जाऊन आलो. ती कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. सेविकाताई म्हणाल्या की त्यांच्या यादीत फक्त गावातली मुले आहेत आणि येणारा आहारही तेवढ्यांचाच असतो. त्यांना मी दोष देत नाही. त्या मुलाचे नाव बीडमधल्या कुठल्यातरी अंगणवाडीच्या यादीत असणार. तिथे ते महिनोन्‌महिने गैरहजर आणि इथे मुळात नोंदवलेलेच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या योजना गावाला बांधलेल्या आहेत आणि अत्यंत गरिबीतले मूल वर्षातले निम्मे दिवस आपल्या गावात नसते.

हे केवळ बीडचे दुखणे नाही. ठाणे, पालघर, रायगडमधील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तीही उचल घेऊनच. नंदुरबारमधील आदिवासी जोडपी कोयता घेऊन गुजरातेत बारडोलीकडे जातात आणि राज्याची सीमा ओलांडली की त्यांची मुले आपल्या यंत्रणेच्या नजरेआड होतात. मेळघाटातील कोरकू मजूर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला घरी येतात. इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये जे उघड झाले, ते तर वाचवत नव्हते: थोड्याशा रकमेच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मुलांना मेंढपाळांकडे राबायला ठेवले जात होते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले होते, त्यानंतर तीस वर्षांनी आपण इथे होतो.

नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण १४.८ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर आले. ही मोठी गोष्ट आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच काळात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३६ टक्क्यांवरून हललेच नाही आणि नंदुरबारमध्ये तर निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. बीडमध्ये विशीच्या सुरुवातीच्या वयातील दर दहांपैकी चाराहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. मुलीला मागे ठेवायला घरात कोणी नाही आणि कोपीला दार नाही, म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. नवी जोडी झाली की नवी उचलही मिळते. मग अठरा वर्षांची आई आणि तिचे दोन किलोचे बाळ पुन्हा कुणाच्यातरी फडात येते.

उपाय झालेच नाहीत असे मी म्हणत नाही. तोडणी मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा होत्या, शिक्षणहक्क कायदा आल्यावर मुलाने नियमित शाळेतच शिकावे या योग्य विचाराने त्यातल्या बहुतेक मागे पडल्या. हंगामी वसतिगृहे आहेत, पण मूल नातेवाइकांकडे राहणार आणि फक्त जेवण शाळेत मिळणार, अशी ती सोय असेल तर ज्याची आजीच उरली नाही त्याने जायचे कुठे? स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, पण ते मागून घ्यायचे असते हे पालकांना सांगणार कोण? आज रेशनचे धान्य देशात कुठल्याही दुकानात अंगठा लावून घेता येते. अंगणवाडीतला घास तसाच मुलाच्या मागे का जाऊ नये?

कारखान्याच्या शेती विभागाकडे प्रत्येक टोळीचा करार असतो. त्यात मुकादमाचे नाव, जोड्यांची नावे, वाहनाचा क्रमांक आणि उचलीची रक्कम असते. सोबत किती मुले येणार, कोणत्या वयाची, हा रकाना त्यात नाही. तो घातला आणि ती यादी हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्या त्या गावची शाळा, अंगणवाडी आणि आशाताईंकडे पोहोचली, तर आहार आणि लस यांची मागणी वेळेत नोंदवता येईल. मूल आजारी असताना आईला खाडा लावायचा नाही, ही अटही त्याच करारात लिहायला हवी.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि त्याच तारखेला आमची ग्रामसभा असते. यंदा तिथे मी या दोन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. ज्यांच्या शिवारात ऊस आहे आणि कोप्या पडतात, त्यांनी आपापल्या गावात तो मांडावा. मसुदा हवा असल्यास मी पाठवतो.