खुलासा : इंजिन बंद केलं की विनाशिका आंधळी होत नाही

'सायलेंट हंटर ३' हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा संगणक-खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: विनाशिका (पाणबुड्यांची शिकार करणारी युद्धनौका) अंगावर आली की खोल जा, मोटर बंद करा आणि गप्प पडून राहा, ती शोधूच शकत नाही. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीच पाणबुड्या बुडतात.

शांत राहून तुम्ही फक्त विनाशिकेच्या हायड्रोफोनला चकवता, कारण तो पाण्याखालचा आवाज ऐकतो. ॲस्डिक (तिचंच दुसरं शोधयंत्र, सोनार) मात्र स्वतः ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपतं. त्याला तुमच्या शांततेशी देणंघेणं नाही. त्याला दिसतो तो आकार. शत्रूला आडवे थांबलात तर जवळजवळ ६७ मीटर लांबीची टाइप सात पाणबुडी आयतीच सापडते. म्हणून सावकाश चालत राहा आणि शेपटी शत्रूकडे ठेवा.

खरी संधी शेवटच्या क्षणी येते. विनाशिका डोक्यावर आली की जुन्या ॲस्डिकचा झोत तुमच्या वरून निघून जातो आणि संपर्क तुटतो. डेप्थ चार्ज (विनाशिका टाकते तो पाण्याखाली फुटणारा बॉम्ब) सेकंदाला साधारण ३ मीटर बुडतो, म्हणजे १५० मीटरवर पोचायला पाऊण मिनिटाहून जास्त वेळ. तेवढ्यात पूर्ण वेग द्या, सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवा. स्फोटांच्या गदारोळात तुमचा आवाजही झाकला जातो. धडाके थांबले की पुन्हा हळू. (घाबरून वेग तसाच ठेवणारे बरेच, मीही त्यातलाच होतो.)

विनाशिकेवर हेजहॉग (पुढे बॉम्ब फेकणारं यंत्र) असेल तर मात्र ही युक्ती लंगडी पडते. त्याचे २४ बॉम्ब जहाजाच्या पुढे पडतात, ॲस्डिकचा संपर्क न तुटता.