बदक, बेलाचान आणि 'आपलं-आपलं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चहा घेऊन. तिथेच खाली उत्तर देत बसले असते तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं असतं, म्हणून वेगळं लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काका आणि काकू डिसेंबरात पाच दिवस पेनांगला राहून आले, माझा लेख छापून पिशवीत ठेवून. दोघं पक्के शाकाहारी, काकूंना कांदा-लसूणही चालत नाही. तक्रारी अशा. मी 'बिनधास्त जा' म्हटलेल्या शाकाहारी दुकानात त्यांना चक्क बदक वाढलं. नासी कंदारला मी 'भारतीय जेवण' म्हटलं होतं, तिथे भातावर कोंबडीचा रस्सा पडला. कॉफीच्या दुकानात बसले म्हणून काही प्यायची सक्ती झाली. जेटीवर फोटो काढताना एक बाई अंगावर ओरडली. 'हॉकियन मी' नावाचा नूडल्सचा पदार्थ माझ्या फोटोत काळा आणि परतलेला होता, शेजारच्या टेबलावर मात्र लाल सूप आलं. आणि शेवटची, मला सगळ्यात झोंबलेली: "प्रत्येक गोष्टीला 'हे म्हणजे आपलं अमुक' म्हणायची सवय सोडा. आपलंच बघायचं तर डोंबिवली काय वाईट आहे?"

हॉकियन मीचं आधी उरकून टाकते, कारण तिथे मी सरळसरळ चुकले. तो फोटो क्वालालंपूरचा होता. तिकडे त्या नावाने जाड नूडल्स काळ्या सोया सॉसमध्ये परतून देतात, पेनांगमध्ये त्याच नावाने कोलंबीच्या सालींचं झणझणीत सूप मिळतं. फोटो काढून टाकला आहे.

आता बदक. काका, ते बदक नव्हतं हो.

सोयाबीनचं दूध तापवलं की आपल्या दुधासारखीच त्यावर साय धरते. ती काठीवर उचलून वाळवतात. अशा सायींचे थर एकावर एक ठेवून, मसाला लावून, गुंडाळी करून वाफवतात आणि मग तळतात. वरचा थर तांबूस, कुरकुरीत होतो, आत पापुद्रे सुटतात. सुरीने आडवे काप केले की भाजलेल्या बदकाच्या फोडी आणि हे यांत लांबून फरक कळत नाही. तो कळू नये अशीच तर सगळी खटपट असते. त्याच ट्रेमध्ये तुम्हाला 'मासा' आणि 'डुकराचं मटण'ही दिसलं असेल. तेही सोया नाहीतर गव्हाचं सत्त्व. इथल्या चिनी बौद्धांमध्ये बरेच लोक महिन्यातून दोनदा, चिनी तिथीप्रमाणे पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ढोबळमानाने अमावास्या-पौर्णिमेला, मांस सोडतात. काही जण कायमचंच. त्याला हॉकियन या चिनी बोलीत 'चियाक चाय' म्हणतात. यातल्या 'चाय'चा चहाशी काही संबंध नाही. आणि या स्वयंपाकात कांदा-लसूण, चिनी पात वगैरे उग्र वासाचं काहीही चालत नाही. म्हणजे अख्ख्या जॉर्जटाउनमध्ये काकूंनी डोळे मिटून जेवावं अशी जागा कुठली असेल तर तीच, आणि तिथूनच तुम्ही ताटाला हात न लावता उठलात.

पण हा दोष माझा. 'शाकाहारी चिनी दुकानं आहेत, पाटीवर बऱ्याचदा बौद्धांचं स्वस्तिक असतं' एवढं लिहून मी पुढे गेले. तिथे खोटं मांस रचून ठेवलेलं असतं, ते बघून दचकू नका, हे एक वाक्य लिहायला काय झालं होतं? इथे तीन वर्षं राहिल्यावर आपल्याला कशाचा धक्का बसला होता तेच विसरायला होतं. (अंडं मात्र काही ठिकाणी चालवतात, तेवढं विचारून घ्यायचं.)

पुढचं लिहावं की नाही, यावर बराच वेळ घालवला. तुम्ही लिहिलंय की तिथून उठल्यावर एका फूड कोर्टात पालेभाजी आणि भात घेतला, 'तेवढंच एक जेवण धड झालं'. ती भाजी कशी केली होती मला माहीत नाही. नुसत्या लसणावर परतलेली असेल, तरी काकूंनी ती खाल्ली नसावी अशी आशा. पण अशा ठिकाणी कांगकुंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, बहुतेक वेळा बेलाचान घालून करतात.

बेलाचान काय ते मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्या माळकरी. आम्ही नवीन होतो तेव्हा त्या महिनाभर आल्या होत्या, आणि मी मोठ्या ऐटीत त्यांना ही हिरवीगार भाजी मागवून दिली. दुकानदाराला 'मांस नको' असं नीट मलायमध्ये सांगितलंही होतं. त्यांनी दोन घास खाल्ले, तिसरा नाकाजवळ नेला आणि थांबल्या. म्हणाल्या, "याला जवळ्याचा वास येतोय गं." बालपण अलिबागजवळ गेलेलं, शेजारी कोळ्यांची घरं, अंगणात जवळा वाळत असायचा. नाक फसलं नाही. बेलाचान म्हणजे तोच इवलासा जवळा, मिठात मुरवून, कुटून, उन्हात वाळवून केलेल्या वड्या. सांबाल नावाच्या मिरचीच्या चटणीत तो असतो, भाज्यांत असतो, नूडल्सच्या वाटणात असतो. इथल्या माणसाच्या लेखी तो मांस नाहीच, मीठ-मसाल्यातला प्रकार आहे; म्हणून 'मांस नको' म्हटल्यावर तो निघत नाही. 'बेलाचान नको, उडांग नको', म्हणजे कोलंबीही नको, असं नावानिशी सांगावं लागतं. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, पाणी प्यायल्या, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. मूळ लेखात हे मी लिहिलं नाही, कारण लाज वाटली. तुमच्या प्रतिक्रियेने ते बाहेर काढलं.

नासी कंदारबद्दल. 'भारतीय जेवण' हे अर्धवट लिहिलं. 'तमिळ मुसलमानांचं जेवण' असं लिहायला हवं होतं. नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे खांद्यावरची कावड. बंदरावरच्या हमालांसाठी तमिळ मुसलमान विक्रेते बांबूच्या एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्या टोकाला कालवणांची भांडी अडकवून सकाळी फिरायचे. कावड गेली, हॉटेलं आली, नाव राहिलं. आणि तुमच्या भातावर जे झालं तो अपघात नव्हता, तीच त्यांची कला आहे. 'कुआ बांजिर' म्हणतात: कुआ म्हणजे रस्सा, बांजिर म्हणजे पूर. वाढणारा माणूस कोंबडीचा, माशाचा, डाळीचा असे चार-पाच रस्से एकाच भातावर ओततो, आणि त्या मिश्रणाची चव प्रत्येक दुकानाची वेगळी. त्यासाठीच लोक रांगा लावतात. 'कुआ आसिंग' म्हटलं तर रस्सा वेगळा देतात, पण पळ्या इकडच्या तिकडे होतातच. तेव्हा तुमच्यासाठी ही जागा नाहीच. तुम्ही श्री महामारिअम्मन देवळाच्या आसपास, लिटिल इंडियात केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण घ्यायला हवं होतं. देऊळ 1833 सालचं आहे, बघायलाही जाता आलं असतं.

कॉफीच्या दुकानाबाबत मात्र मी मागे हटणार नाही. कोपीतियाम, म्हणजे असं कॉफीचं दुकान, हे एक हॉटेल नसतं. जागा, टेबलं आणि चहा-कॉफी एका मालकाची. बाकीच्या खाण्याच्या गाड्या स्वतंत्र माणसांच्या, ते जागेचं भाडं भरतात. मालकाची कमाई पेयांवर. तुम्ही दोघं अर्धा तास पंख्याखाली बसलात, नकाशा उलगडलात, काही घेतलं नाहीत, तर त्याने विचारणारच. (इथे मी इराण्याच्या हॉटेलाचं उदाहरण देणार होते, तुमची शेवटची तक्रार आठवली, गिळलं.) कॉफी गोडमिट्ट होती हे मान्य. नुसतं 'कोपी' म्हटलं की तळाला डब्यातलं घट्ट गोड दूध येतं. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. 'कोपी-ओ कोसोंग' म्हटलंत की काहीच घालत नाहीत. कोसोंग म्हणजे रिकामं, शून्य.

जेटीवरच्या बाई बरोबर होत्या. च्यू जेटी हे प्रदर्शन नाही, समुद्रात खांब रोवून त्यावर बांधलेली वस्ती आहे. च्यू आडनावाची हॉकियन कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. 2008 मध्ये जॉर्जटाउनला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि लोकांच्या ओसरीवर पर्यटकांची रांग लागली. तुम्ही फोटो काढत होतात तो लाल देव्हारा त्यांच्या घरातला होता. दुपारी दोन वाजता उघड्या दारातून कुणी आपल्या देवघरावर कॅमेरा रोखला तर काकू काय म्हणतील?

आता 'आपलं-आपलं'. यावर मी आठवडाभर स्वतःशी भांडतेय.

असाम लाक्सा या आंबट रश्श्यातल्या नूडल्सना मी 'त्यांची आमटी' म्हटलं होतं. तुम्ही म्हणता तसं ते आळशी होतं. जॉर्जटाउनजवळच्या एर इतामला लाक्साच्या गाडीसमोर उभं राहिलं की कळतं, यात आमटी कुठेच नाही. बाई वाडग्यात तांदळाचे जाड पांढरे नूडल्स घेते, त्यावर उकळता रस्सा ओतते, पळीच्या पाठीने नूडल्स दाबून धरते आणि रस्सा परत पातेल्यात. पुन्हा ओतायचा, पुन्हा गाळायचा. तीन-चारदा असं करून नूडल्स गरम झाले की मगच शेवटचा रस्सा. वर काकडी, अननस, कांदा, पुदिना, आणि बुंगा कांतान नावाच्या आल्याच्या कुळातल्या फुलाची कळी बारीक चिरून. शेवटी चमच्यात काळीभोर, काकवीसारखी कोलंबीची गोडसर पेस्ट. ती आपल्या बेताने कालवायची.

पण गंमत पुढे आहे. रस्सा ज्या माशाचा, तो इकान केंबुंग म्हणजे आपला बांगडा. 'आपल्या बांगड्यासारखा' नाही, बांगडाच. आणि त्याला चिंचेबरोबर जी दुसरी आंबट चव असते ती असाम गेलुगोर या फळाच्या वाळवलेल्या चकत्यांची. ते झाड कोकमाच्याच कुळातलं. बांगडा आणि आमसुलाची भावंडं एका पातेल्यात बघून मालवणातला माणूस गप्प कसा बसेल, सांगा. आमटी मागे घेते. बांगडा घेणार नाही.

उलट दुसरं एक उदाहरण तुमच्या बाजूचं देते. चिनी नववर्षाच्या नवव्या दिवसाच्या आदल्या मध्यरात्री याच च्यू जेटीवर जेड सम्राट या चिनी देवाची मोठी पूजा असते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पानांसकट अख्खे ऊस बांधलेले. पहिल्या वर्षी बघून मी घरी फोन केला, 'इथे तुळशीचं लग्न आहे!' नंतर शेजारच्या आजींनी गोष्ट सांगितली. हॉकियन लोकांचे पूर्वज एकदा सैन्याच्या कत्तलीतून वाचायला उसाच्या फडात लपले होते, नवव्या दिवशी जिवंत बाहेर आले, म्हणून ऊस. तुळस नाही, लग्न नाही, मांडव नाही. मी 'आपलं' म्हणून फोन ठेवला असता तर आजींना विचारलंच नसतं. यात तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

लेखात दुरुस्त्या केल्या आहेत: बदक, बेलाचान, कावड आणि जेटी. पुन्हा यायचं ठरलं तर चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत या. नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास. रस्त्यारस्त्यावर पिवळे झेंडे लागतात आणि एरवी डुकराच्या चरबीत नूडल्स परतणाऱ्या काही गाड्याही त्या दिवसांपुरत्या शाकाहारी होतात.

आणि एक राहिलं. तुमची प्रतिक्रिया वाचून परवा मी त्या शाकाहारी दुकानात गेले होते. मालकीणबाईंना म्हटलं, डिसेंबरात एक भारतीय जोडपं न जेवता उठून गेलं होतं का? त्यांना लगेच आठवलं: गुलाबी साडी, पायात पांढरे बूट, आणि पांढऱ्या मिशांचे आजोबा, जे बदकाकडे बोट दाखवून मान हलवत होते. पैसे न देता जाणं तुम्हाला पटलं नाही, दहा रिंगिटची नोट टेबलावर ठेवून गेलात. झाले होते सात. बाई मागे धावत कोपऱ्यापर्यंत आल्या होत्या, तोवर तुम्ही बसमध्ये चढला होतात. तीन रिंगिट त्यांनी माझ्याकडे दिलेत. एप्रिलमध्ये माहेरी येतेय, डोंबिवलीत आणून देईन.