कागदावरचे चाळीस तास

दहावीचा निकाल लागला की आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आणि टक्केवारी सुरू होते. २०२५ साली राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले. कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून इतके झाले, मग ते खरे की फुगवलेले, यावर ग्रुपवर चांगलीच जुंपली. त्यातच कराडला कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या चुलतभावाने, दादाने, आपलं दुखणं मांडलं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवीच्या अभ्यासक्रमात समाजातल्या कामालाही श्रेयांक मिळतात. दादा म्हणाला, ‘सेवेलाही मार्क लावले. आता पोरं झाडू धरून फोटो काढतात नि झाडू तिथंच टाकून घरी जातात.’ मग गाडी माझ्यावर आली. ‘तुमच्याकडे तर म्हणे माणुसकीचाही फॉर्म भरावा लागतो!’

लागतो. मी कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या मिसिसागात राहतो. १९९९ पासून इथल्या हायस्कूलचा नियम आहे की बारावी पास व्हायची तर चार वर्षांत मिळून चाळीस तास बिनपगारी समाजकाम केलंच पाहिजे. त्याला मार्क नाहीत, पण ते केल्याशिवाय डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचा दाखलाही नाही. जिथे काम केलं तिथल्या माणसाची सही आणायची. पगार घेतलेला चालत नाही आणि घरची रोजची कामंही धरत नाहीत. भांडी घासली, धाकट्या बहिणीला शाळेतून आणलं, तर त्याचे तास शून्य.

आमचे चिरंजीव आता सोळा वर्षांचे आहेत. नववीत फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेत, जायची वेळ आली तेव्हा स्वारी गाडीतून उतरायला तयार नव्हती. काम अगदी कंटाळवाणं. लोकांनी दिलेल्या डब्यांवरच्या तारखा बघायच्या, फुगलेले किंवा शिवणीवर चेपलेले डबे बाजूला काढायचे, डाळी एका खोक्यात, सूप दुसऱ्यात. कुणी ‘थँक यू’ म्हणायला समोर नसतं, कारण ते खोकं कुणाच्या घरी जाणार हे कुणालाच माहीत नसतं. दहावी संपायच्या आत तास भरले आणि फॉर्म शाळेत गेला. त्यानंतरही हा शनिवारी सकाळी उठून जातोच आहे. का जातो, हे मी विचारलेलं नाही. सोळाव्या वर्षी कारण विचारलं की पोरगं ते काम सोडून देतं, असा माझा अनुभव आहे.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट दिसली. पालिकेची गाडी रस्त्यावरचा बर्फ सारत जाते तेव्हा प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी ओल्या, घट्ट बर्फाचा बांध घालून जाते. नुसता पडलेला बर्फ फावड्याने सहज सरकतो, हा मात्र कंबर मोडतो. समोर एक पोर्तुगीज आजीबाई एकट्या राहतात. शाळेच्या बसच्या आधी हा त्यांच्या दारातला बांध फोडून ठेवतो. म्हाताऱ्या शेजाऱ्याचा बर्फ काढणं इथे तासांत धरतात, म्हणून मी सहज म्हटलं, सही घ्यायचीस की. त्यावर उत्तर आलं, ‘तास झालेत ना, बाबा.’ एवढंच बोलून तो हातमोजे शोधायला गेला.

तोंडावर कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही. माझ्या वडिलांनी माझं कौतुक केलं ते शेजाऱ्यांकडे, आणि तेही मी घरात नसताना. मीही तेच करतोय. चिरंजीवांना देवनागरी अडखळत वाचता येते, त्यामुळे इतका मोठा मजकूर त्यांच्याकडून पुरा व्हायचा नाही, ही खात्री आहे.

दादाला सक्तीचा राग आहे. पण दादा स्वतः राष्ट्रीय सेवा योजनेतला. १९६९ पासूनची ही योजना, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. त्या शिबिरात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून बांधलेल्या वनराई बंधाऱ्याची कथा तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो. प्रमाणपत्र तेव्हाही होतंच की! त्या प्रमाणपत्रासाठी नाव घालणारी निम्मी पोरं असतील, तरी ओढ्यात पाणी अडलंच. लाजरं, आळशी पोरगं आपणहून परक्याच्या दारात जात नाही, त्याला कुणीतरी ढकलावंच लागतं. पुढे ते तिथे टिकेल की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.

इथल्या नियमातली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. माझी आई पाटणला असते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती नातवाला कोयनेचा भूकंप सांगते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, अंगावर कोसळणारी कौलं, अंधारात एकमेकांना मारलेल्या हाका. तीच गोष्ट, त्याच क्रमाने. मी दुसऱ्या मिनिटाला उठून चहा टाकायला जातो. हा मोडक्यातोडक्या मराठीत विचारतो, ‘मग म्हैस सापडली का?’ म्हैस सापडते हे त्याला पाठ आहे. याला ऑन्टॅरिओच्या हिशेबात काहीच किंमत नाही. आणि आपल्याकडे चांगुलपणा म्हणून बहुधा एवढाच मोजला जातो. आजीची सेवा केली की पोरगं गुणी. परक्या म्हातारीचा बर्फ काढला तर आमच्या एका काकूंना आधी हात गारठतील याची काळजी, आणि मग पुढचा प्रश्न, ‘तिला कुणी नाही का?’ मुलाला दोन्ही जमतं, याचा मला अभिमान आहे. त्यातलं परक्याचं काम त्याला घरात शिकवलं गेलं नव्हतं, ते त्या फॉर्मने शिकवलं.

हे सगळं दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘माझ्या एका तुकडीत साठ पोरं. कोण कुठे जातंय, कुणाकडे राबतंय, हे बघणार कोण?’ इथे मात्र त्याचं बरोबर आहे. फूड बँकेत स्वयंसेवकांकडे बघायला पगारी माणूस आहे. तारीख कुठे बघायची, डबा कुठे चेपला तर फेकायचा, हे तो प्रत्येक नव्या पोराला उभं राहून दाखवतो आणि तेवढे तास झाले तरच सही करतो. कराडच्या कॉलेजात असा एक माणूस नेमला आणि पोरांना वर्षभर एकाच ठिकाणी पाठवलं, तर फोटोवाले बरेचसे आपोआप गळतील. माणूस नेमायला पैसा लागतो, आणि दादाचं प्राचार्यांशी सध्या पटत नाही, तेव्हा प्राचार्यांकडे ही मागणी करणारं पत्र मीच लिहून द्यायचं कबूल केलंय.